शून्य की आठ? एका घरगुती रेडिओच्या पडद्याचं प्रकरण

हे प्रकरण लातूर जिल्ह्यातलं आहे आणि मी त्यात सुरुवातीपासून होतो. माणसांची नावं, गाव आणि कॉलसाइन (हौशी रेडिओवाल्याची हवेतली ओळख) मुद्दाम गाळले आहेत. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली, ती पुढे योग्य जागी येईल.

पार्श्वभूमी

औसा तालुक्यातल्या एका गावात राहणारे निवृत्त शिक्षक, वय ६७. गणित आणि विज्ञान शिकवायचे. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो, म्हणून इथेही त्यांना गुरुजीच म्हणतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून झोपलेली गावं पहाटे चारच्या आत ढिगाऱ्याखाली गेली. गुरुजींना मदत छावणीवर ड्यूटी लागली होती. फोन बंद, रस्ते माणसांनी भरलेले, आणि तिथे त्यांनी पहिल्यांदा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, पाहिले. लिंबाच्या झाडाला वायर बांधायची, गाडीच्या बॅटरीवर सेट लावायचा आणि सरळ बाहेरच्या जगाशी बोलायचं. गुरुजी सांगतात, "मला वाटलं, ही माणसं मंत्र म्हणत्यात का काय." पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनी परीक्षा दिली, मोर्स, म्हणजे टिंब-रेषांची भाषाही शिकले आणि लायसन्स घेतलं.

त्यांचा सेट म्हणजे बिटएक्स-४०. हैदराबादचे अशहर फरहान, कॉलसाइन व्हीयू२ईएसई, यांनी स्वस्तात बांधता येतील असे सेट बनवले, त्यातला हा २०१६ च्या शेवटी आलेला ७ मेगाहर्ट्झचा बोर्ड. ताकद सात वॅटच्या आसपास. आत आर्डुइनो नॅनो हा छोटा संगणक आणि फ्रिक्वेन्सी तयार करणारी एसआय५३५१ ही चिप, आणि पुढे १६ अक्षरांच्या दोन ओळींचा छोटा एलसीडी. गुरुजींनी त्याला गावच्या सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. समोर अॅल्युमिनिअमचा पत्रा, त्यावर नॉब अगदी मापात, डावीकडे दोन तर उजवीकडे दोन. आणि पडदा निळा, त्यावर पांढरी अक्षरं.

हा निळा पडदा त्यांनी हौसेनं घातला होता. आधीचा पिवळट-हिरवा होता. तो त्यांना "पीसीओवरच्या मीटरसारखा" वाटायचा. रात्री माळवदावरच्या खोलीत दिवा मालवून सेट लावला की निळा उजेड सागवानावर पडायचा. काय देखणं दिसायचं ते! मी हे सुरुवातीलाच सांगतोय, कारण पुढे आम्ही सगळे त्या निळ्या रंगावर तुटून पडलो. हौस ही हॅमच्या छंदात फुकटची गोष्ट नाही, अर्धा छंद तोच आहे.

काय घडलं

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी जगभरचे स्काउट रेडिओवर एकमेकांना भेटतात. जांबोरी ऑन द एअर हे त्याचं नाव, १९५० च्या दशकापासून चालू आहे. गुरुजींच्या जुन्या शाळेत त्यानिमित्त कार्यक्रम ठेवला होता. मैदानात मंडप, चाळीस-पन्नास मुलं, दोन खांबांमध्ये उलट्या व्हीसारखा डायपोल, म्हणजे तारेची अँटेना. नांदेडचे एक ओएम (हॅम एकमेकांना असंच म्हणतात) आणि सोलापूरचे एक, दोघं ७.०९० मेगाहर्ट्झवर थांबणार होते. सकाळी साडेअकराची वेळ, म्हणजे एवढ्या अंतरासाठी हा ७ मेगाहर्ट्झचा, म्हणजेच ४० मीटरचा, बँड उत्तम चालतो.

गुरुजींनी कॉल दिला. उत्तर नाही. पुन्हा दिला. नांदेडहून मोबाईलवर फोन आला, "गुरुजी, कुठं हाव तुम्ही? आम्ही ०९० वरच बसलोय." गुरुजी म्हणाले, "मी बी तिथंच हाय की."

मग नेहमीचं सुरू झालं. अँटेना बघा. एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना सेटशी किती जुळतेय त्याचं माप, ठीक होता. कोअॅक्सचा, म्हणजे अँटेनाच्या केबलचा, कनेक्टर काढून पुन्हा घट्ट केला. बॅटरी बदलली. मी माइकची वायर हलवून पाहिली. दुकानात दिवसभर दुरुस्त्या करून मला सवयच लागलीय, की आधी वायरीवर संशय घ्यायचा. असा पाऊण तास गेला. मुलं पांगायला लागली, एक शिक्षक घड्याळ बघू लागले.

सातवीतली एक मुलगी टेबलाजवळ उभी होती. तिनं पडद्यावर दोन्ही हातांची सावली धरली, डोळे जवळ नेले आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, शेवटी आठ हाय हे."

सेट ७.०९८ वर होता. एसएसबी, म्हणजे आम्ही बोलायला वापरतो ती पद्धत, तिचा आवाज तीन किलोहर्ट्झपेक्षा कमी जागा घेतो. आठ किलोहर्ट्झ लांब बसलेल्या माणसाला आपण दुसऱ्या गल्लीतून हाका मारल्यासारखंच. नॉब थोडा फिरवला आणि नांदेड मंडपात आलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी हसले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांची आकडेमोड तपासलेल्या माणसानं भर सभेत आकडा चुकीचा वाचला होता.

बारकाईनं पाहिल्यावर

दुसऱ्या दिवशी मी पडद्याचं भिंग लावून निरीक्षण केलं, आणि तिथे या प्रकरणातली सगळ्यात मजेशीर गोष्ट सापडली.

असल्या एलसीडीत अक्षरं काढणारी चिप, म्हणजे एचडी४४७८० जातीचा कंट्रोलर असतो आणि प्रत्येक आकडा पाच उभ्या रांगा गुणिले सात आडव्या ओळी, म्हणजे ३५ ठिपक्यांत काढलेला असतो. त्यातलं शून्य पोकळ नसतं. इंग्रजी 'ओ' या अक्षराशी गल्लत होऊ नये म्हणून त्याच्या पोटात तिरपी रेघ असते, तीन ठिपक्यांची. आठाच्या पोटातही मधली रेघ असते, तीही तीनच ठिपक्यांची. शून्यातले तीन तिरपे, आठातले तीन आडवे. बाकी बाहेरची चौकट जवळपास सारखी. सगळं मोजलं तर ३५ पैकी सहाच ठिपके वेगळे. अक्षरं खणखणीत दिसत असतील तर सहा ठिपके पुष्कळ झाले. पण उजेडानं अक्षर फिकं पडलं की डोळा ठिपके मोजत नाही, "पोटात काहीतरी आहे" एवढंच पाहतो. मग शून्य आठ होतं आणि आठ शून्य.

'ओ' अक्षराशी घोळ टाळायला केलेली सोय फ्रिक्वेन्सी दाखवताना उलटली, कारण तिथे 'ओ' कधी येतच नाही.

दुसरा दोष उजेडाचा. निळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं म्हणजे खरं तर खिडक्या असतात, मागच्या एलईडीचा उजेड त्यातून बाहेर येतो. मैदानातल्या ऊन-उजेडापुढे त्या एलईडीचं काही चालत नाही. पिवळट-हिरव्या पडद्याचं उलट आहे. त्याची अक्षरं काळी, पार्श्वभूमी उजळ, आणि मागचा थर बाहेरचा उजेडही परत फेकतो. ऊन वाढलं तर तो जास्त स्पष्ट दिसतो, बॅकलाइट बंद केला तरी चालतं. गुरुजींनी ज्याला पीसीओचं मीटर म्हणून हिणवलं ते मैदानासाठीच बनलेलं होतं.

तिसरा दोष कुणी उच्चारत नव्हतं. अक्षराची उंची साडेपाच मिलिमीटर, गुरुजी दोन फुटांवरून वाचत होते. या अंतराला हे माप चांगल्या डोळ्यांना पुरतं. म्हणजे प्रश्न नुसत्या लहान अक्षरांचा नव्हता. मला शंका आली होती, पण आपल्या गुरुजींना "तुमचे डोळे तपासा" असं कोण म्हणणार? ते काम काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीनं, केलं. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "पोळ्यापासून पेपर दारात नेऊन वाचत्यात. डाळीतले खडे दिसत न्हाईत, अन् म्हणत्यात डाळच चांगली आलीय."

लातूरला तपासल्यावर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, डाव्यात सुरुवात. शस्त्रक्रिया करायला हरकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गुरुजी म्हणाले, "पिकू द्या अजून." मोतीबिंदू पिकायची वाट पाहावी लागते ही समजूत जुनी आहे, आता तशी गरज नसते, हे डॉक्टरांनी समजावलं. गुरुजींनी ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षावर ढकललं.

कोणते पर्याय होते

दिवाळीत गुरुजींचा पुतण्या घरी आला. संभाजीनगरला इंजिनिअरिंग करतो, नुकताच व्हीयू३, म्हणजे पहिल्या पायरीचा परवानाधारक हॅम, झालाय. त्याचं मत ठाम होतं, "बप्पा, जमाना कलरचा हाय. टीएफटी लावू." त्यानं २.८ इंची रंगीत टच पडदा आणलाच होता. बिटएक्सचा पुढचा भाऊ मायक्रोबिटएक्स, त्याच्या सहाव्या आवृत्तीत असाच पडदा आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्यानं तो लावून दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर निळी फ्रिक्वेन्सी, ट्रान्समिटला, म्हणजे आपण बोलताना, लाल, कोपऱ्यात हिरवी पट्टी. घरातली सगळी माणसं भोवती जमली. मीही "लावूनच टाकू" म्हणालो. हा माझा पहिला चुकीचा कौल. रात्री, पणत्यांच्या उजेडात, पंचविशीच्या पोरानं स्वतःच्या डोळ्यांसाठी निवडलेले रंग पाहून मी ६७ वर्षांच्या माणसाच्या दुपारच्या कामाचा निर्णय देत होतो.

दुसरा पर्याय, तयार सेट घ्यावा. आयकॉमचा आयसी-७३०० हा २०१६ मध्ये आला, ४.३ इंची रंगीत टचस्क्रीन, धबधब्यासारखा स्पेक्ट्रम, शिवाय फ्रिक्वेन्सी बोलून सांगायची सोय. याएसूच्या एफटी-८५७डी मध्ये तर पडद्याचा रंगच मेनूतून बदलता येतो. गुरुजींनी किंमत विचारली. लाखाच्या पुढे ऐकून म्हणाले, "पेन्शनीत बसत न्हाई, अन् बसलं तरी सोल्डर कशाला शिकलो मग?" विषय संपला.

तिसरा, ओएलईडीचा, म्हणजे स्वतःच उजळणाऱ्या ठिपक्यांचा, १६ बाय २. अक्षरं सुरेख, पण उन्हात त्याचंही कठीण, आणि त्याचा रिसिव्हरमधला खरखराट मी एका सेटमध्ये ऐकलेला होता. तोही बाजूला ठेवला.

चौथा, मोठ्या अक्षरांचा १६ बाय २. तारा त्याच, अक्षर साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. पेटीच्या पत्र्यात मात्र बसत नव्हता. पत्रा नवा कापायचा तर नॉबची मांडणी बिघडणार. गुरुजींनी नकार दिला तो इथे. मला तेव्हा राग आला होता. नॉबची रांग महत्त्वाची की आकडा? आता वाटतं, त्यांचं बरोबर होतं. आकार हा मूळ आजार नव्हताच.

पाचवा पर्याय सगळ्यात साधा, जुना पिवळट-हिरवा परत लावायचा. पुतण्यानं तोंड वाकडं केलं. गुरुजींनीही.

गच्चीवरचा दिवस

वाद मिटेना तेव्हा काकूंनीच सुचवलं, "उन्हात नेऊन बघा की." नोव्हेंबरच्या एका दुपारी बारा वाजता माळवदावर टेबल मांडलं. सगळे पडदे वेगळ्या आर्डुइनोवर, पुतण्या यादीतले आकडे एकेक दाखवणार, गुरुजी मोठ्यानं वाचणार, मी वहीत लिहिणार. प्रत्येक पडद्यावर वीस आकडे.

निळ्यावर जवळजवळ दर तिसरा आकडा चुकला आणि चुका बहुतेक शून्य-आठाच्याच. टीएफटीत गुरुजींना स्वतःचा चेहरा दिसला. "आरसा हाय का रेडिओ?" पिवळट-हिरव्यावर दोनच चुका झाल्या, त्याही शून्य-आठाच्या.

मग मी सहज काळ्या फाइलीचा पुठ्ठा कापून निळ्या पडद्यावर झडप धरली. निळाही बऱ्यापैकी वाचता आला. फुकटची गोष्ट होती. मंडपात त्या मुलीनं हातांनी हेच केलं होतं, आणि आम्ही तीन आठवडे रंगावर भांडत होतो.

टीएफटी हरल्यावर पुतण्या रुसला नाही, हिशोबाला बसला. वेबसाइटवरच्या अक्षरांचा उठाव मोजायचं एक सूत्र आहे, त्यात हिरव्याला ०.७१५२, लालला ०.२१२६ आणि निळ्याला फक्त ०.०७२२ इतकं वजन असतं. काळ्यावर शुद्ध निळं लिहिलं तर उठाव २.४ ला १ येतो. लाल ५.३, हिरवा १५.३, पिवळा १९.६. तिथे साध्या अक्षराला किमान ४.५ हवा असतो. म्हणजे त्यानं सगळ्यात महत्त्वाचा आकडा सगळ्यात अंधाऱ्या रंगात लिहिला होता. आणि हे आकडे खोलीतले. ऊन पडलं की काळा काळा राहत नाही, सगळेच आकडे खाली येतात.

काय केलं

पिवळट-हिरवा परत बसवला. बॅकलाइटचा रेझिस्टर बदलावा लागला, कारण या एलईडीला निळ्यापेक्षा जास्त व्होल्ट लागतात. तो न बदलता लावल्यानं पहिल्या रात्री पडदा काजव्यासारखा दिसत होता.

मग शून्य. या कंट्रोलरमध्ये आपल्या मनाची आठ अक्षरं बनवून ठेवता येतात. पुतण्यानं त्यातल्या एका जागी पोकळ शून्य काढलं आणि लगेच त्याच्या लक्षात आलं, "बप्पा, फरक उलट कमी झाला की! आधी आठापासून सहा ठिपके वेगळे होते, आता पाचच." त्याचं गणित बरोबर होतं. गुरुजींनी चष्मा काढून कपाळावर ठेवला, डोळे बारीक केले आणि पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मोजू नको रे लेकरा, बघ. आता ह्याचं पोट रिकामं हाय."

मीही चष्मा काढून बघितलं. खरंच, आठाच्या मध्ये गाठ होती आणि शून्याच्या मध्ये भोक. ठिपके किती वेगळे यापेक्षा ते कुठे वेगळे, हे धूसर डोळ्याला कळत होतं. ही गोष्ट भिंगानं मला आणि गणितानं पुतण्याला दिसली नव्हती.

पुठ्ठ्याची झडप पत्र्याची करून घेतली, काळा मॅट रंग मारून. ती सरकवून काढता येते, कारण रात्री ती सागवानाला शोभत नाही, असं गुरुजींचं म्हणणं.

आणि निळा पडदा टाकला नाही. हा निर्णय माझ्या मते सगळ्यात चांगला होता आणि तो पुतण्याचा. त्यानं सोळा पिनांचं सॉकेट बसवलं आणि दोन्ही पडद्यांना एकसारखी पट्टी जोडली. बॅकलाइटचा रेझिस्टरही ज्याचा त्याच्या पट्टीवरच. घरी रात्री निळा, मैदानात हिरवा. सदरा बदलल्यासारखं.

मे महिन्यातला दुसरा घोळ

मे महिन्यात तेरणेच्या काठावर आमच्या हॅमच्या गटानं पावसाळ्यापूर्वीचा सराव ठेवला. पारा ४२ च्या आसपास, सेट पत्र्याच्या शेडखाली. गुरुजींनी चालू केला तर पडद्यावर आकड्यांच्या जागी काळे चौकोनच चौकोन. आकडे त्या चौकोनांत बुडालेले.

मला वाटलं आर्डुइनो गेला. नव्हता गेला. एलसीडीतला द्रव उष्णतेनं सैल होतो, कमी व्होल्टवरही ठिपके काळे पडतात. डिसेंबरच्या थंड संध्याकाळी आम्ही कॉन्ट्रास्टचा प्रीसेट, म्हणजे आतला स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा नॉब, सुरेख जुळवून, पेटी बंद करून, चार स्क्रू आवळून बसलो होतो. स्क्रूड्रायव्हर घरी. शेवटी कलिंगड कापायच्या सुरीचं टोक लावून पेटी उघडली आणि प्रीसेट एवढासा फिरवला. आकडे लगेच वर आले.

इथे दुसरा निर्णय घ्यावा लागला. प्रीसेट काढून कॉन्ट्रास्टचा नॉब बाहेर आणायचा हे उघड होतं. दोन पडदे अदलाबदल करायचे असले तर तसंही लागणार होतं, कारण दोघांचा कॉन्ट्रास्ट वेगळ्या ठिकाणी जुळतो. प्रश्न होता, नॉब लावायचा कुठे. समोर पाचवा नॉब आला की दोन-दोनची रांग मोडणार. मी म्हणालो, मोडू दे. गुरुजी गप्प बसले. ते गप्प बसले की समजायचं, नाही म्हणताहेत. शेवटी तो उजव्या अंगाला, हात सहज जाईल तिथे बसला. वापरताना कळलं की तिथेच बरं, समोर असता तर ट्युनिंग समजून मीच फिरवला असता.

याच सरावात आणखी एक गोष्ट उघडी पडली. गटातल्या एका व्यापारी ओएमना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. ट्रान्समिटला लाल आणि रिसीव्हला हिरवा, असा दोन रंगांचा एकच एलईडी आम्ही सगळ्यांनी हौसेनं लावलाय. ते म्हणाले, "मी आवाज बंद झाला की समजतो." इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं. आता पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरंही येतात.

आणि मोर्स

सगळ्यात उपयोगाची गोष्ट सगळ्यात शेवटी सुचली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. सरावाहून परत येताना गुरुजी जीपमध्ये म्हणाले, "डोळ्याला सांगायला इतका खटाटोप. कानाला का सांगंना हा सेट?"

पुतण्यानं दोन दिवसांत केलं. एक बटण दाबलं की सेट स्पीकरमधून फ्रिक्वेन्सीचे शेवटचे तीन आकडे मोर्समध्ये वाजवतो. हवेत काही जात नाही, फक्त आपल्यालाच ऐकू येतं. शून्य म्हणजे पाच डा (लांब आवाज), आठ म्हणजे तीन डा आणि दोन डिट (आखूड आवाज). मिनिटाला बारा शब्दांच्या वेगानं ०९० ऐकायला सहा सेकंद लागतात. यात ऊन नाही, मोतीबिंदू नाही, निळं-हिरवं नाही. ज्यांना मोर्स येतं त्यांच्यासाठी. मला येत नाही, आणि या बटणामुळे मला आता शिकावं लागतंय.

पुढे काय झालं

श्रावणात उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. महिनाभरानं गुरुजींनी मला बोलावून घेतलं. खोलीत अंधार करून निळा पडदा लावला होता. एक डोळा झाकायचा, मग दुसरा, असं त्यांचं चाललं होतं. "ह्या डोळ्यानं निळंभोर दिसतंय, अन् ह्यानं धुळीत पडल्यावाणी. मी इतकी वर्षं धुळीतलंच बघत होतो का?" म्हातारपणी डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पिवळं पडतं आणि निळा उजेड गाळतं. नवं भिंग स्वच्छ असतं. म्हणजे ज्या निळ्यावर त्यांचं मन बसलं होतं, तो त्यांना अलीकडे नीट दिसतही नव्हता.

त्यांनी सांगितलेली दुरुस्ती इथली. मी आधी लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर प्रश्न मिटला. ते म्हणाले, "खोडून टाक. ऊन तेच हाय." उन्हात निळा पडदा आजही फिकाच पडतो, नवा डोळा असो की जुना. या ऑक्टोबरला शाळेत त्यांनी हिरवाच नेला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी, वायरी तपासायच्या आधी, नांदेडच्या ओएमना म्हणायला हवं होतं की तुम्ही वरखाली फिरून आम्हाला शोधा. दोन मिनिटांत कळलं असतं. ऐनवेळी आपण आपल्या पडद्यावर जेवढा विश्वास ठेवतो तेवढा शेजारच्या माणसावर ठेवत नाही.

दिवाळीच्या रात्रीचं प्रदर्शन टाळायला हवं होतं, किंवा निदान त्यानंतर निर्णय घ्यायला नको होता. पडदा जिथे आणि ज्या वेळी वाचायचा तिथेच, त्याच वेळी, वाचणाऱ्याच माणसाकडून तपासावा. माळवदावरची ती एक दुपार आधी झाली असती तर तीन आठवड्यांचा वाद झालाच नसता. पुढच्या वेळी मी वीसपैकी निम्मे आकडे मुद्दाम शून्य-आठ, तीन-आठ, सहा-आठ असेच ठेवीन. सोपे आकडे वाचून कुणाला काही कळत नाही.

डोळ्यांचा विषय मी काढायला हवा होता. काकूंवर सोडला. आमच्या गटात बहुतेक जण पन्नाशीपुढचे आहेत आणि सगळे सेटच्या तब्येतीबद्दल तासन्‌तास बोलतात.

थंडीत जुळवलेली कुठलीही गोष्ट मे महिन्यात तपासायची, हे मराठवाड्यात राहून आम्हाला सुरीच्या टोकावर शिकावं लागलं, याची लाज वाटते.

टीएफटी वाया गेला नाही. पुतण्यानं तो स्वतःच्या खोलीतल्या सेटला लावलाय. आता फ्रिक्वेन्सी पिवळी, निळा फक्त चौकटीला. पडदा दर वेळी सगळा पुसून काढला की रिसिव्हरमध्ये टिर्र वाजायचं, म्हणून फक्त बदललेला आकडाच नव्यानं काढतो. संभाजीनगरच्या हॉस्टेलवर रात्री सुंदर दिसतो, असं त्यानं फोटो पाठवून कळवलंय.

एक वाद मात्र अजून चालू आहे. आपल्या मनाची अक्षरं आठच ठेवता येतात आणि त्या आठही जागा पुतण्यानं सिग्नलच्या पट्टीसाठी वापरल्या होत्या. पोकळ शून्यानं त्यातली एक घेतली, म्हणून पट्टीचा एक टप्पा गेला. आता एस-७ आणि एस-८ या सिग्नलच्या जोराच्या दोन पायऱ्या एकसारख्याच दिसतात. पुतण्याला ते खटकतं. गुरुजी म्हणतात, समोरच्याला "फाइव्ह नाइन", म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय, एवढंच तर सांगायचं असतं.